स्पितीत शिरायचं ते किन्नौरच्या दारानं

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली, असं आपण शाळेत शिकतो. पण किन्नौरमधल्या चिनी नावाच्या गावात, म्हणजे आजच्या कल्प्यात, २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतदान उरकलं होतं. बर्फ पडला की वाटा बंद होणार, मतपेट्या ना वर जाणार ना खाली येणार, म्हणून या डोंगराळ मुलखानं बाकीच्या देशाच्या आधी मत दिलं. त्या दिवशी मत टाकणारे शाळामास्तर श्यामसरण नेगी पुढे ‘स्वतंत्र भारताचे पहिले मतदार’ म्हणून ओळखले गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात विधानसभेसाठी घरूनच टपाली मत देऊन तीन दिवसांनी, वयाच्या १०५ व्या वर्षी ते वारले.

ज्या बर्फानं निवडणुकीचं वेळापत्रक बदलायला लावलं, तोच बर्फ आजही या भागातल्या प्रवासाचं वेळापत्रक ठरवतो. फरक इतकाच की आता कल्प्याखालून पक्का रस्ता जातो. तो सतलजच्या कडेकडेनं तिबेटच्या सीमेपर्यंत पोहोचतो, तिथून स्पिती नदीचा हात धरून काझाला जातो, कुंझुमची खिंड ओलांडतो आणि चंद्रा नदीच्या खोऱ्यातून मनालीकडे उतरतो. शिमला ते काझा हे अंतर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर आणि काझा ते मनाली सुमारे दोनशे. मैदानातल्या महामार्गावर एका दिवसाचा हा पल्ला. इथे त्याला आठ-दहा दिवस द्यावे लागतात आणि ते देणाऱ्यालाच हा रस्ता खऱ्या अर्थानं दिसतो.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्या-नाशिककडच्या मोटारसायकली आणि गाड्या या वाटेवर मोठ्या संख्येनं दिसू लागल्या आहेत. लडाख झालं, आता स्पिती, असा क्रम अनेकांच्या मनात असतो. बहुतेकांचा बेतही ठरलेला असतो: मनाली गाठायची, भल्या पहाटे निघायचं, कुंझुम पार करून संध्याकाळी काझा. नकाशावर हा रस्ता जवळचा दिसतो. शरीराच्या दृष्टीनं मात्र तो सगळ्यात वाईट रस्ता आहे.

कारण साधं आहे. उंचावर गेलं की हवेतलं प्राणवायूचं प्रमाण कमी होत नाही, ते तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासातून फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू घटतो. काझा ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो. कुंझुमवर, म्हणजे साडेचार हजार मीटरच्या वर, तो जेमतेम सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्क्यांवर येतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर चढउतार केलेल्या माणसाच्याही शरीराला या उंचीची ओळख नसते. ट्रेकचा सराव, दम, तरुण वय यांपैकी काहीही विरळ हवेच्या त्रासापासून हमखास वाचवत नाही. उलट धडधाकट माणूस दुखणाऱ्या डोक्याकडे दुर्लक्ष करतो आणि अडचणीत येतो.

शरीर या बदलाशी जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. आता दोन्ही दारं शेजारी ठेवून पाहावीत. मनाली सुमारे २,०५० मीटर. तिथून एका दिवसात साडेचार हजारांवर जायचं आणि ३,६५० मीटरवर झोपायचं, म्हणजे एका रात्रीत सोळाशे मीटरची उडी. किन्नौरच्या बाजूनं नारकंडा २,७०० मीटर, कल्पा २,९६० मीटर, मग ताबो ३,२८० मीटर आणि त्यानंतर काझा. निसर्गानं जणू जिन्याच्या पायऱ्याच घालून ठेवल्या आहेत. मध्ये नाकोला ३,६६० मीटरपर्यंत चढावं लागतं, पण तिथे चहा घेऊन पुढे ताबोला उतरून झोपता येतं. दिवसा वर चढून रात्री खाली झोपणं ही तर गिर्यारोहकांची जुनी रीत आहे. स्पितीत शिरायचं ते किन्नौरच्या दारानं आणि बाहेर पडायचं ते कुंझुमच्या, हा नियम पाळला तर या प्रवासातल्या निम्म्या अडचणी उद्‌भवतच नाहीत.

हे दार उघडलं त्याला पावणेदोनशे वर्षं होतील. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या हुकमानं १८५० मध्ये ‘हिंदुस्तान-तिबेट रस्त्या’चं काम सुरू झालं. तिबेटमधली पश्मिना लोकर आणि इतर व्यापार इंग्रजांना थेट हवा होता. शिवाय साहेबांचं सामान डोंगरातून वाहून नेण्यासाठी गावकऱ्यांना धरून आणण्याची बेगार तेव्हा राजरोस चालत असे. चांगली वाट झाली की खेचरं जातील आणि बेगार कमी होईल, असंही कारण तेव्हा दिलं गेलं. पण ती वाट खोदली कोणी? शिमल्याजवळ संजौलीच्या पुढचा बोगदा १८५०-५१ मध्ये फोडला तो मोठ्या संख्येनं आणलेल्या कैद्यांनी आणि मजुरांनी. पुढे कड्यांना लाकडी फळ्या टेकवून वाट शिपकी खिंडीकडे सरकत गेली. १९६२ च्या चीनयुद्धानंतर सैन्याच्या गाड्या जाव्यात म्हणून सतलजच्या काठानं मोटाररस्त्याचं काम जोरात झालं. आज आपण ज्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढतो, तो रस्ता व्यापार आणि युद्ध या दोन गरजांतून जन्मलेला आहे.

नारकंडा सोडलं की सफरचंदांच्या बागा सुरू होतात. याच डोंगरांत कोटगढला सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन माणूस स्थायिक झाला, पुढे सत्यानंद स्टोक्स झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला. १९१६ मध्ये त्यानं अमेरिकेतून आणलेली ‘डिलिशस’ जातीची कलमं लावली आणि हिमाचलच्या डोंगराचं अर्थकारण बदललं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या रस्त्यावर सफरचंदांच्या ट्रकांची रांग असते. दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद पडला तर पर्यटकांचा बेत हुकतो. बागवाल्याचं वर्षाचं उत्पन्न पेट्यांत नासतं.

रामपूर मागे पडलं की खोरं आवळत जातं आणि किन्नौरचे प्रसिद्ध कडे सुरू होतात. तरांडा ढांक ही त्यातली सर्वांत नावाजलेली जागा. ‘ढांक’ म्हणजे तुटलेला कडा. इथे उभ्या खडकात अर्धा बोगदा कोरावा तसा रस्ता कोरलेला आहे. डोक्यावर खडकाचं छत, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली सतलज. कड्याजवळच तरांडा मातेचं देऊळ आहे. तिथे ट्रक आणि बसचे चालक थांबून, नमस्कार करूनच पुढे जातात. नव्या माणसाला ही निव्वळ श्रद्धा वाटते. पण त्या निमित्तानं गाडी थांबते, इंजिन आणि ब्रेक थंड होतात, डोळ्यांवरची झोप उडते आणि पुढच्या अवघड टप्प्याआधी चालक सावध होतो.

सावध राहावं असं इथे खरोखरच आहे. २५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बत्सेरीजवळ डोंगरावरून मोठमोठे खडक सुटले आणि पर्यटकांच्या गाडीवर आदळून नऊजण गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, निगुलसरीला अख्खा उतार रस्त्यावर आला. हिमाचल परिवहनची बस आणि इतर गाड्या त्याखाली सापडल्या. अठ्ठावीस माणसं मेली.

या दोन घटनांकडे केवळ दुर्दैव म्हणून पाहता येत नाही. सतलज ही हिमालयाहून जुनी नदी मानली जाते. पर्वत वर उचलला जात असताना ती त्याला कापत राहिली, म्हणून तिचं खोरं इतकं खोल आणि उतार इतके उभे. अशा उतारांवर पाऊस किंवा वितळत्या बर्फाचं पाणी भेगांत शिरलं की दगड सुटतात. त्यात रस्तारुंदीकरणाची कापणी आली, सुरुंग आले आणि जलविद्युत प्रकल्पांचे बोगदे आले. १,५०० मेगावॉटचा नाथपा-झाकडी आणि १,००० मेगावॉटचा करछम-वांगटू हे दोन्ही प्रकल्प याच टप्प्यात आहेत. काही ठिकाणी सतलजचं पाणी नदीपेक्षा बोगद्यातूनच जास्त वाहतं. २०२१ च्या त्या दरडींनंतर किन्नौरच्या तरुणांनी नव्या प्रकल्पांविरुद्ध ‘नो मीन्स नो’ ही मोहीम उभारली. तिचे फलक आणि भिंतींवरच्या घोषणा वाचल्याशिवाय कुणी किन्नौर पार करू नये. खिडकीतून दिसणारा सुंदर कडा इथल्या माणसाच्या घराच्या डोक्यावर उभा आहे, हे प्रवाशाला तेव्हाच उमगतं.

रिकाँग पिओ हे किन्नौरचं जिल्ह्याचं ठिकाण. त्याच्या वर कल्पा आणि समोर किन्नर कैलास. बाजारात चिलगोजे मिळतात. हे चिलगोजे किन्नौरच्या कोरड्या उतारांवरच्या एका खास जातीच्या पाइन झाडाचं बी. झाडावर चढून शंकूसारखी फळं काढायची, वाळवायची, फोडायची, म्हणून ते महाग. पिओखाली पोवारीला गाडीची टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण पुढे काझापर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरमध्ये पंपाचा भरवसा धरता येत नाही. परदेशी नागरिकांना सीमेलगतच्या या टप्प्यासाठी परवाना घ्यावा लागतो, तो पिओत मिळतो. भारतीयांना तो लागत नाही, ओळखपत्र जवळ असलं की झालं.

पिओ सोडल्यानंतरच्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये जो बदल होतो, तो या प्रवासाचा गाभा आहे. झाडं विरळ होतात, मग एकेकटी उरतात, मग संपतात. मोसमी वारे अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून इतकं पाणी वाहून आणतात, पण हिमालयाच्या मुख्य रांगेपाशी ते रिकामे होतात. रांगेमागे पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. महाबळेश्वराहून वाईच्या पुढे माण-खटावकडे जाताना जे घडतं, तेच इथे हिमालयाच्या मापानं घडतं. स्पितीला पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचं. डोंगर उघडे पडलेले असल्यामुळे त्यांचे थर, त्यांच्या घड्या, त्यांचे रंग सगळं उघड्यावर असतं. भूशास्त्राचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसालाही इथे कळतं की हा दगड कधीतरी सपाट होता आणि कुणीतरी तो मुडपला आहे.

खाब इथे पुलाखाली स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज तिबेटातून शिपकीकडून आलेली असते आणि स्पिती कुंझुमच्या पायथ्यापासून. इथून रस्ता सतलजला सोडून स्पितीच्या अंगानं वळणावळणांनी चढत नाकोला नेतो. नाकोच्या पाठीशी हिमाचलमधलं सर्वांत उंच शिखर, ६,८१६ मीटरचं रिओ पुर्ग्यिल. गावात विलोंच्या सावलीत एक लहान तळं आणि त्याच्या काठाला जुनी बौद्ध मंदिरं. नाकोच्या पुढचा मलिंग नाला ही या रस्त्याची जुनी दुखरी जागा. इथला उतार कायम सरकत असतो.

समदोजवळ तिबेटातून येणारी पारेछू नदी स्पितीला मिळते. २००४ मध्ये तिबेटात या नदीवर दरड कोसळून नैसर्गिक धरण तयार झालं आणि मागे तलाव साठत गेला. २००५ च्या जूनमध्ये तो फुटला. पाण्याचा लोंढा स्पितीतून सतलजमध्ये शिरला आणि काठावरचे पूल व रस्ते वाहून गेले. तलावावर उपग्रहांतून नजर होती, लोकांना आधी हलवलं होतं, म्हणून मोठी प्राणहानी टळली. सीमेपलीकडे कोसळलेल्या एका दरडीनं अलीकडचा शेकडो किलोमीटरचा नदीकाठ हादरवला, इतकी या खोऱ्याची नाळ एकमेकांत गुंतलेली आहे.

याच भागात १९ जानेवारी १९७५ ला ६.८ क्षमतेचा भूकंप झाला होता. गावं कोसळली, मठांना तडे गेले. त्याच भूकंपानंतर समदोजवळच्या ग्यू गावात एका बौद्ध भिक्षूचा बसल्या स्थितीतला देह उजेडात आला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा हा देह कोणत्याही लेपाशिवाय, इथल्या कोरड्या थंड हवेत टिकून राहिला. दात आणि केस अजून दिसतात. गावकरी त्यांना लामा म्हणूनच मान देतात. मुख्य रस्ता सोडून थोडं आत जावं लागतं, पण हा फेरा टाळू नये. फक्त तिथे दर्शनाला जावं तसं जावं.

मग येतं ताबो, आणि महाराष्ट्रातल्या माणसानं इथे किमान एक पूर्ण दिवस राहावं. ९९६ मध्ये गुगे राज्याच्या येशे-ओ या राजानं हा मठ स्थापला. संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेणारे थोर अनुवादक रिंचेन झांग्पो यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. बाहेरून पाहिलं तर मातीच्या बुटक्या इमारती, रंग आजूबाजूच्या डोंगरासारखाच. आत अंधार. डोळे सरावले की भिंतींवर मातीच्या देवमूर्ती दिसू लागतात, जणू भिंतीतून अधांतरी पुढे आलेल्या, आणि त्यांच्या खालीवर हजार वर्षांपूर्वीची रंगचित्रं. काश्मिरी कलावंतांच्या हाताची छाप त्यांत स्पष्ट दिसते. ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात ते याचसाठी. अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे आणखी एक गोष्ट जाणवावी. दोन्हीकडे चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढली आहेत. पण अजिंठ्याच्या चित्रांवर बेसाल्टचं छप्पर आहे आणि ताबोच्या चित्रांवर मातीचं. ते छप्पर हजार वर्षं टिकलं, कारण इथे पाऊस जवळजवळ नसायचा. अलीकडे स्पितीतही जोराच्या सरी येऊ लागल्या आहेत आणि मातीच्या सपाट धाब्यांची काळजी इथे घरोघरी आहे. मंदिरात छायाचित्रं काढायला मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी.

लाहौल-स्पिती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,८३३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३१,५६४. म्हणजे चौरस किलोमीटरमागे सरासरी दोन-तीन माणसं. त्यातली स्पितीच्या वाट्याला येणारी माणसं तर बारा-तेरा हजारच. ही माणसं बर्फाचं पाणी कुलांमधून, म्हणजे डोंगराच्या कडेनं काढलेल्या लहान पाटांतून, शेतात आणतात. जव पिकवतात आणि हिरवा वाटाणा बाहेर विकतात. वाटाणा इथे उन्हाळ्यात तयार होतो, जेव्हा मैदानात तो नसतो. त्यामुळे भाव मिळतो. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडतो, त्या वर्षी कुल कोरडे राहतात. पर्यटकांनी आंघोळीला लागणाऱ्या गरम पाण्याच्या बादल्यांचा विचार या हिशेबात करावा.

काझाहून वरच्या पठारावर लांग्झा, हिक्किम आणि कोमिक ही गावं आहेत, सगळी चार हजार चारशे मीटरच्या आसपास किंवा वर. हिक्किमला १९८३ पासून टपाल कचेरी आहे. ही कचेरी जगातल्या सर्वांत उंच टपाल कचेऱ्यांत गणली जाते आणि तिथून घरी पत्र टाकण्यासाठी लोक मुद्दाम जातात. गावकऱ्यांची बचतखातीही तिथेच चालतात, हे कार्ड टाकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

लांग्झाला वेगळीच गोष्ट वाट पाहत असते. इथल्या काळ्या मातकट खडकात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या शंखाचा अमोनाइट हा प्राणी टेथिस समुद्रात राहत असे. भारताचा भूखंड आशियाला धडकला, समुद्र आटत गेला आणि त्याचा तळ चार-साडेचार हजार मीटर वर आला. १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा फर्डिनांड स्टोलिच्का स्पितीत हिंडून या खडकांचा अभ्यास करत होता. पुढे १८७४ मध्ये काराकोरमच्या वाटेवर उंचीच्या त्रासानंच तो गेला. त्याची समाधी लेहला आहे. मराठी घरातल्या देव्हाऱ्यात जो शाळिग्राम पुजला जातो, तो नेपाळच्या गंडकी नदीतला अमोनाइटच असतो. देव्हाऱ्यातल्या त्या काळ्या दगडाचा आणि लांग्झाच्या डोंगराचा समुद्र एकच. गावात मुलं असे दगड विकायला आणतात. ते विकत घेऊ नयेत. एकेक दगड खिशात गेला तर डोंगराच्या इतिहासाचं पानच फाटतं.

किब्बरचा परिसर हिमबिबट्यासाठी ओळखला जातो. पूर्वी बिबट्यानं मेंढी किंवा याकचं पिल्लू मारलं की गावकरी त्याच्या जिवावर उठत. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून चारुदत्त मिश्रा आणि नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलून दोन गोष्टी केल्या: काही चराई जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी सोडायची आणि जनावरांचा विमा गावानं स्वतः चालवायचा. हे काम जगभर वाखाणलं गेलं. आज भर थंडीत हिमबिबट्या पाहायला छायाचित्रकार किब्बरला येतात, गावातच राहतात. उणे पंचवीस अंशांत रस्ता सुरू राहतो तो फक्त किन्नौरच्या बाजूनं, हेही लक्षात ठेवावं.

हे रस्ते सुरू ठेवतं कोण? सीमा सडक संघटना, जिची स्थापना ७ मे १९६० ला झाली. स्थानिक लोक तिला ‘ग्रेफ’ म्हणतात. पण रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहणारे, गमबूट घालून थंड पाण्यात दगड रचणारे हात झारखंड, बिहार आणि नेपाळमधून आलेले असतात. झारखंडच्या दुमका भागातले मजूर तर कित्येक दशकं हिमालयातल्या सीमाभागात कामाला जातात. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीतही लडाखच्या रस्त्यांसाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सोडावी लागली होती. समुद्रसपाटीजवळून आलेली ही माणसं चार हजार मीटरवर खडी फोडतात. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करणं, धूळ न उडवणं, जमल्यास थांबून दोन शब्द बोलणं ही या रस्त्यावरची किमान सभ्यता आहे.

काझाहून लोसरमार्गे कुंझुमला चढताना गवताळ कुरणं लागतात. खिंडीत कुंझुम मातेचं देऊळ आहे आणि गाड्या देवळाला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात, सरकारी बससुद्धा. ही खिंड दोन खोऱ्यांचा कणा आहे. एका बाजूचं पाणी स्पितीतून सतलजला जातं, दुसऱ्या बाजूचं चंद्रेतून चिनाबला. ही दोन्ही पाणी पुन्हा भेटतात ती थेट पाकिस्तानातल्या पंजाबात, पंचनदापाशी.

खिंड उतरली की बातल. तिथे अनेक वर्षं चंद्रा ढाबा चालवणारं दांपत्य प्रवाशांत ‘चाचा-चाची’ म्हणून प्रसिद्ध आहे. अवेळी बर्फात अडकलेल्या कित्येकांना त्यांनी आसरा देऊन वाचवलं. बातलच्या अलीकडे एक फाटा चंद्रतालकडे जातो. ४,२५० मीटरवरचा हा तलाव २००५ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. जुलै २०२३ मध्ये भर उन्हाळ्यात इथे बर्फ पडला, रस्ते बंद झाले आणि तलावाजवळच्या छावण्यांत सुमारे तीनशे पर्यटक अनेक दिवस अडकले. बर्फ उपसत वाट काढून त्यांना बाहेर आणावं लागलं. काझाहून येणारे लोक त्या उंचीला सरावलेले असतात. मनालीहून थेट तलावाकाठच्या तंबूत झोपायला आलेले लोक रात्री दोन वाजता डोकं धरून बसतात.

बातल ते ग्राम्फू हा टप्पा चालकाची परीक्षा घेतो. हिमनद्यांचं पाणी इथे रस्त्यावरूनच वाहतं. रात्री थंडीनं वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी नाले उथळ असतात. दुपारी ऊन चढलं की तेच नाले चाकं बुडवतात. त्यामुळे काझा किंवा लोसरहून पहाटे निघावं आणि बाराच्या आत हा टप्पा मागे टाकावा. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरातला नियम कायद्यातही आहे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये उतरावं. विरळ हवेत इंजिनाची ताकदही घटते, तेव्हा गाडी दमली म्हणून घाबरू नये. ज्यांना स्वतः चालवायचा धीर होत नाही, त्यांनी हिमाचल परिवहनच्या बसनं जावं. रिकाँग पिओहून सकाळी लवकर निघणारी काझाची बस दिवसभर चालते आणि तिच्या खिडकीतून जे दिसतं ते स्टीअरिंगमागून कधीच दिसत नाही. ग्राम्फूनंतर पूर्वी रोहतांग चढावा लागे. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यानं तो चढ वाचवला आहे, आणि त्याचबरोबर मनालीची गर्दीही आत आणली आहे.

मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कुंझुम साधारणपणे मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. आपल्याकडे शाळांच्या सुट्या एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा दिवाळीत असतात. म्हणजे दोन्ही सुट्या नेमक्या खिंड उघडण्या-मिटण्याच्या कडेला येतात. मे महिन्यात ‘मनालीमार्गे स्पिती’ असं आरक्षण करून बसलेल्यांची निराशा ठरलेली असते. जुलै-ऑगस्टात खिंड उघडी असली तरी किन्नौरचे उतार पावसानं सैल झालेले असतात. सर्वांत निवांत आणि स्वच्छ महिना सप्टेंबर, पण तेव्हा शाळा असतात.

म्हणून मुलांना घेऊन मे महिन्यात जायचं असेल तर कुंझुमचा हट्ट सोडावा. शिमल्याहून निघावं, नारकंड्याला एक मुक्काम, कल्प्याला दोन, ताबोला दोन, काझाला तीन, आणि आलेल्या वाटेनंच परत फिरावं. परतीच्या आरक्षणाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. दरडीनं ते घेतले नाहीत तर सराहनच्या भीमाकाली मंदिराजवळ घालवता येतात. निघण्यापूर्वी काझा आणि पिओच्या प्रशासनाकडून रस्त्याची ताजी माहिती घ्यावी. वर कुणाचं डोकं दुखत असेल, उलट्या होत असतील, तर त्या दिवशी आणखी उंच जाऊ नये. आणि धाप थांबत नसेल, चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी खाली उतरावं.